केसभर शेपूट

बारीकबाई अंगानं मुळीच बारीक नव्हती. दुकानाच्या दारातून आत यायचं तर तिला जरा तिरकं व्हावं लागे, आणि तिच्या खुर्चीला मास्तरांनी आजवर दोनदा नवे पाय बसवले होते. नाव पडलं ते कामावरून. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक असो की उंदरानं कुरतडलेली शाल, बाई असं रफू करायची की मालकानं बोट फिरवून शोधलं तरी भोक होतं कुठं ते सापडू नये. कापडाच्या आतल्या शिवणीतूनच दोरे उपसायचे आणि एक आडवा, एक उभा, एक वरून, एक खालून असे मूळ विणीत मिसळून टाकायचे, हा तिचा धंदा. आणि हे सगळं एका डोळ्यावर! डावा डोळा सातव्या वर्षीच गेला होता. जिन्यावरून पडली, कठड्याचा खिळा लागला, विषय संपला. उरला उजवा. त्या एका डोळ्यावर तिचं पोट, तिचा रुबाब आणि तिचा फटकळपणा असे तिघं पोसले जात होते.

मास्तर म्हणजे तिचा नवरा, शिंपी. सडपातळ, अबोल, गळ्यात कायम टेप. दुकान एकाच खोलीचं. खिडकीपाशी ती, मशीनपाशी ते. एकतीस वर्षं असे शेजारी बसून दोघांचं भांडण मात्र एकच, आणि तेही दोऱ्याच्या टोकावरून.

आता हे भांडण नीट समजून घ्या, कारण पुढं जे झालं ते त्यातूनच झालं. शिंप्याला लोंबणारा दोरा खपत नाही. शर्ट तयार झाला की मास्तर तो उजेडात धरायचे, दोऱ्याचं टोक चिमट्यात पकडायचे, जरासं ओढायचे आणि कापडाला लगटून कच्चकन कापायचे. ओढून कापलं की उरलेलं टोक आपोआप कापडात शिरतं, दिसत नाही. रफूवाल्याचं उलट. रफूचा दोरा असा लगटून कापला की पहिल्या धुण्यात तो आटतो, मागं सरकतो आणि वीण सुटत जाते. म्हणून टोकाला केसभर दोरा मोकळा सोडायचा. बाई त्याला शेपूट म्हणायची. आणि मास्तरांना काही केल्या ते शेपूट बघवायचं नाही. इस्त्री करता करता नजर गेली की हात आपला चाललाच.

"अहो! कापलंत ना शेपूट?"

"दिसत होतं गं."

"दिसू दे की! तुमचं काय जातंय? आता महिन्याभरात हा कोट परत येईल आणि बोलणी मी खाईन."

मास्तर ओशाळायचे. आठ दिवस नीट वागायचे. नवव्या दिवशी पुन्हा कच्च!

नऊ वर्षांपूर्वी बाईच्या त्या एकुलत्या एका डोळ्यात मोतीबिंदू झाला. मोतीबिंदू म्हणजे हल्ली काय, सकाळी जायचं आणि दुपारी घरी येऊन जेवायचं. पण बाईचं नशीब आडवं आलं. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवतात ते आतल्याच एका पातळ पिशवीत. बाई टेबलावर जागी होती, डोळा तेवढा बधिर. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, "थांबा. पिशवी फाटली." 'फाटलं' हा शब्द तिनं हजारो वेळा ऐकला होता, पण कायम दुसऱ्याच्या कापडाबद्दल.

पिशवीच नाही म्हटल्यावर भिंग ठेवायचं कशात? मग आणखी एक दिवस ठरवून डॉक्टरीणबाईंनी ते डोळ्याच्या पांढऱ्या भागाला आतून शिवून टाकलं. शिवून म्हणजे खरोखर सुईदोऱ्यानं. दोन टाके, एक नाकाच्या बाजूला, एक कानाच्या. दुसरी कोणी असती तर हे ऐकूनच तिला घेरी आली असती. बारीकबाईनं विचारलं, "दोरा कसला?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "प्लॅस्टिकच्या जातीचा. केसाहून पातळ."

"टिकतो किती?"

"बहुतेकांना जन्मभर पुरतो. काहींचा आठ-दहा वर्षांत झिजतो. कधी गाठीचं टोक वरची त्वचा भेदून बाहेर येतं. डोळ्यात टोचायला लागलं, लाली आली, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. कळलं?"

कळलं होतं. दोरा झिजतो हे बारीकबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण नऊ वर्षं डोळा असा काही लखलखीत चालला की हळूहळू तिला भिंगाचा विसर पडला, आणि टाक्यांचा तर त्याहून.

एका सोमवारी सकाळी पापणी मिटली की काहीतरी टोचायला लागलं. कचरा गेला असेल म्हणून तिनं पाणी मारलं. मंगळवारी टोचणी वाढली. बुधवारी मास्तर अंघोळीला गेल्याचं बघून ती खिडकीत आरसा घेऊन उभी राहिली आणि तिनं पापणी बाजूला ओढली. पांढऱ्या भागावर, कानाच्या बाजूला, लालसर झालेल्या ठिकाणी एक टोक उभं होतं. काळपट निळं, पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढं. तिला ते काय आहे हे बघताक्षणीच कळलं. दोऱ्याचं टोक ओळखायला तिला कुठला डॉक्टर लागत होता? आरसा तिनं चटकन खिडकीत पालथा घातला.

त्याच दिवशी यायचं, असं बजावलं होतं. पण बाई गेली नाही. तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा! खरंच वेडेपणा. पण तिला ते टेबल दिसत होतं, तो तोंडावरचा हिरवा कपडा, आणि ती वाक्य पुरं होण्याआधीची शांतता. पुन्हा तिथं निजायचं आणि पुन्हा कोणीतरी म्हणायचं, "फाटली." दुसरा डोळा असता तर गेली असती. एकच आहे, तो त्या टेबलावर नेऊन ठेवायचा म्हणजे गळ्यातलं मंगळसूत्र जुगारात लावण्यासारखं. ती तीन दिवस जीव मुठीत धरून बसली. ग्राहकांवर खेकसली, मास्तरांवर तर दोनदा. शनिवारी डोळ्यातून इतकं पाणी यायला लागलं की सुईचं नाकं दिसेना, आणि तेव्हा तिनं मास्तरांना सांगितलं.

मास्तरांनी चष्मा लावला, तिचा गोल भिंगाचा दिवा जवळ ओढला आणि पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टरकडे चल."

"नाही."

"अगं, पण—"

"अहो, ऐका माझं. गाठ आत खोल आहे. वर आलंय ते जास्तीचं शेपूट आहे. तेवढं टोचतंय. तुम्ही ते कापा, बास. इतका बारीक हात आहे तुमचा."

"मी? डोळ्यातला दोरा?" मास्तर दोन पावलं मागं सरले. "माझ्या बापाच्यानं व्हायचं नाही."

पण ती ऐकेल तर ना! दुपारभर तिनं त्यांचं डोकं खाल्लं. रडली. ती रडली हेच मास्तरांना भारी गेलं; लग्नानंतर त्यांनी तिला मोजून तीनदा रडताना पाहिलं होतं. शेवटी त्यांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं, छोटी कात्री आणि चिमटा उकळत्या पाण्यात बुडवून काढला, आणि बाईनं इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकलं. टेबल अजून कोमट होतं.

"केसभर ठेवा हां. लगटून नाही कापायचं. ऐकलंत?"

"ठेवतो."

"शप्पथ?"

"अगं, बोलू नकोस, डोळा हलतोय."

बाईनं श्वास रोखला. चिमट्याचं टोक जवळ येताना ते धूसर होऊन नुसती एक काळी पट्टी झालं. मग डोळा आतून कुणीतरी हलकेच ओढल्यासारखं वाटलं, अगदी क्षणभर, आणि कच्च असा तो ओळखीचा आवाज आला. टोचणी गेली. एकदम गेली.

"ठेवलंत ना केसभर?"

आधी कात्री ठेवल्याचा आवाज आला, मग मास्तर म्हणाले, "ठेवलंय."

रविवार, सोमवार, मंगळवार बाई हवेत होती. पापणी मिटली तरी काही नाही, उघडली तरी काही नाही. तिनं मास्तरांसाठी बाहेरून चहा मागवला आणि वर बिस्किटंही. "बघा," म्हणाली, "उगाच घाबरत होतात. टेबलावर निजवून परत फाडलं असतं मला." मास्तर चहा प्यायले, पण मान वर केली नाही. बाईला वाटलं, थकले असतील. चांगल्या दिवशी माणूस फार खोलात जात नाही.

बुधवारी तिच्या हातून सुई पडली. ती वाकली, सुई उचलली आणि ताठ झाली, तर दुकानातला दिवा दोन झाला होता. एक जागेवर, दुसरा त्याच्या जरा खाली, आणि तो खालचा थरथरत होता. तिनं पापणी मिटून उघडली. दोनच. मास्तरांच्या मशीनलाही दोन चाकं. डोळ्याच्या एका कडेला चंद्रकोरीसारखी बाकदार रेघ दिसत होती, आणि मान हलवली की ती रेघ डुलायची. ती कसली कड आहे हे तिला कोणी सांगायला नको होतं. भिंग तिरकं झालं होतं. ती ज्या भिंगातून जग बघत होती, त्या भिंगाची कड तिला दिसत होती.

ती ओरडली नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून, मान जराही न हलवता ती म्हणाली, "अहो... टॅक्सी आणा."

टॅक्सीत मास्तर तिचा हात धरून बसले होते. कोणाचा हात जास्त गार होता हे सांगणं अवघड. प्रत्येक खड्ड्याला बाईच्या तोंडून बारीक आवाज निघे, कारण प्रत्येक खड्ड्याला रस्त्यावरची माणसं दोन होऊन पुन्हा एक होत होती. मधेच ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर आपोआप तुटला म्हणायचं. कळलं?" मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंचे केस या नऊ वर्षांत पिकले होते. त्यांनी बाईची हनुवटी यंत्रावर टेकवली, प्रखर उजेड डोळ्यात सोडला आणि बघत राहिल्या. बराच वेळ.

"गाठ कुठंय?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग यंत्रामागून डोकं काढून म्हणाल्या, "हा दोरा झिजून तुटलेला नाही. गाठच नाहीये इथं. हे कुणी कापलं?"

"मी," बाई झटकन म्हणाली. "आरशात बघून. मीच."

"तुम्ही? एकाच डोळ्यानं, त्याच डोळ्यातला दोरा, आरशात बघून?"

"आमचा धंदाच बारीक कामाचा आहे."

"मी कापला," मागून आवाज आला. मास्तर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या गळ्यातला टेप थरथरत होता. निघायच्या गडबडीत तो काढायचाही राहिला होता. "तिनं केसभर ठेवायला सांगितलं होतं. मी ओढून कापला. सवयीनं. हाताला कळलंच नाही. चिमट्यात आलेला तुकडा बघितला तर त्याला गाठ होती. आणि मी हिला खोटं सांगितलं."

बाईच्या डोक्यात सणक गेली. एकतीस वर्षं! एकतीस वर्षं घसा कोरडा करून सांगितलं या माणसाला, आणि शेवटी माझ्याच डोळ्यात? तोंडावर आलं होतं सगळं. पण तिला ते दोन दिसत होते, एक मास्तर वर आणि एक मास्तर खाली, आणि दोघांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. "दार मी लावून घ्यायला लावलं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "कात्री मीच हातात दिली. रागवायचं तर मला रागवा."

डॉक्टरीणबाई दोघांनाही रागावल्या, आणि चांगल्याच. त्या टोकावरून जंतू सरळ डोळ्याच्या आत गेले असते तर दोन दिवसांत डोळा पुवानं भरला असता, मग भिंग राहो, बुबुळही वाचलं नसतं. तसं झालं नाही हेच नशीब. आता भिंग एका बिजागरीवर लोंबणाऱ्या दारासारखं एकाच टाक्यावर आहे. तो दुसरा टाकाही त्याच वेळचा आणि त्याच दोऱ्याचा. तो सुटला तर भिंग डोळ्याच्या तळाशी, मागच्या पडद्यावर जाऊन पडेल. उद्या सकाळीच ऑपरेशन. दोन्ही जुने टाके काढून जाड दोऱ्यानं पुन्हा शिवायचं, प्रत्येक बाजूला सुई दोनदा घालून. आत रक्तस्राव होऊ शकतो, पडदा फाटू शकतो.

"म्हणजे दिसेल की नाही?" बाईनं विचारलं.

"प्रयत्न पुरा करीन. हमी देत नाही."

तिला त्याच दिवशी दवाखान्यात ठेवून घेतलं, उताणी, हलायचं नाही म्हणून. मास्तर बाजूच्या स्टुलावर. जे दिसतंय ते बघून घ्यावं म्हणून तिनं सगळं बघायला सुरुवात केली: छताचा पोपडा, पडद्याच्या कड्या, पडद्याची उसवलेली दुमड. मग मास्तरांकडे बघितलं.

"दोन दिसताय," ती म्हणाली. "एक कमी होता म्हणून दुसरा."

मास्तरांना हसू आलं नाही. "माझा एक घेता आला असता तर," ते म्हणाले, आणि त्यांना पुढं बोलवेना.

"मला भीती वाटते हो," बाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं हे वाक्य तोंडातून काढलं असेल. "फार भीती वाटते. अंधार झाला तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

मास्तरांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

सकाळी टेबलावर निजवताना बाईनं डॉक्टरीणबाईंचा हात पकडला. "एक विनंती आहे. 'फाटलं' एवढं म्हणू नका. काही झालं तरी."

"मग काय म्हणू?"

"काहीच नको. सुई आत गेली की फक्त मोजा. मला कळेल तुम्ही कुठवर आलात."

हिरवा कपडा तोंडावर आला. डोळ्यात उजेड, उजेडात हलणाऱ्या सावल्या, आणि पाण्याचा थंड ओघळ कानामागं. कितीतरी वेळानं डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "एक." मग, "दोन." बाईच्या जिवात जरा जीव आला. दोन टोकं बसली म्हणजे एक बाजू झाली. "तीन." आता एकच.

आणि मग काही नाही. नुसती हत्यारांची किणकिण. कुणीतरी कुजबुजलं. कुणीतरी भराभर चालत गेलं आणि परत आलं. चार म्हणा, बाई मनात ओरडत होती, अहो चार म्हणा ना! काही का असेना, मोजा. तिनं चादर मुठीत आवळली. ती शांतता तिला ओळखीची होती, नऊ वर्षांपूर्वीची तीच. आता तो शब्द येणार. आला तर या वेळी मी उठून पळत सुटणार, डोळ्यात सुई असली तरी.

"चार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ मारतेय. थोडं रक्त आलं होतं, थांबवलंय."

बाईच्या कानात पाणी गेलं. ते बाटलीतलं होतं की तिचं स्वतःचं, कोण जाणे.

"शेपूट?" तिनं कपड्याखालून विचारलं.

"ठेवलंय. गाठीसकट आत पुरलंय. या वेळी कुणाच्या चिमट्यात येणार नाही."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर सगळीकडे दोरेच दोरे! काळे, गुंतलेले, डोळा फिरेल तिकडे वाहत जाणारे. त्यांच्यामागं उजेड होता, पण माणूस ओळखू येत नव्हता. बाई किंचाळलीच. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की आत उतरलेलं रक्त आहे, विरघळेल, आठवडे लागतील. आणि बजावलं की वीज चमकल्यासारखं झालं, किंवा काळा पडदा सरकत आला, तर त्याच तासाला यायचं. "दिवस नाही म्हणत आता," त्या म्हणाल्या. "तास."

त्यानंतरचे आठवडे बाईनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. रोज जाग आली की आधी डोळा उघडायचं धाडस व्हायचं नाही. मग खिडकीचे गज बघायचे. सरळ आहेत का? एकेकच आहेत का? कोपऱ्यातून पडदा तर येत नाही ना? दोरे हळूहळू विरले, गज स्पष्ट झाले, मास्तर एकाचे एक झाले. नजरेचा मधला भाग मात्र पुसट राहिला. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आहे, थेंबांनी उतरेल, पण पूर्वीइतकं कदाचित नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भीती काही उतरली नाही. ती घरातच राहायला आली होती.

मास्तरांचं तर वेगळंच झालं. त्यांनी छोटी कात्री हातातच घेतली नाही. शर्ट शिवायचे आणि तसेच ठेवून द्यायचे, काजांना, कॉलरला, बाह्यांना टोकं लोंबत. दोन ग्राहकांनी टोमणे मारले. तिसऱ्यानं विचारलं, "मास्तर, शर्टाला मिश्या कधीपासून?" शेवटी तिसऱ्या महिन्यात, हलकं काम करायला हरकत नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर, बाईनंच ती कात्री ड्रॉवरमधून काढली. शिंप्याचे दोरे आता रफूवाली कापू लागली. मास्तर दुपारी शर्टांचा गठ्ठा तिच्यापुढं ठेवायचे, ती एकेक टोक शोधून कापायची आणि तुकडे डब्याच्या झाकणात टाकायची. संध्याकाळी मास्तर झाकण घेऊन जायचे.

तिसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं. मास्तर झाकण लगेच ओतत नव्हते. मशीनमागं पाठ करून तुकडे मोजत होते. आणि कापायच्या टेबलाच्या आतल्या कडेला खडूनं आकडा लिहिलेला असायचा, रोज नवा: नऊ, बारा, आठ. गठ्ठा देण्याआधी मास्तर टोकं मोजून ठेवायचे. बाईचा डोळा धरून आहे की नाही, हे त्यांना रोज असं बघायचं होतं. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिलाही भीती होतीच की; कोणीतरी पहाऱ्यावर आहे, हे तिला बरं वाटलं.

एक दिवस मास्तर बटणं आणायला गेले होते. खुंटीवर एक करडा कोट टांगलेला होता. बाहीच्या कडेला कसर लागून भोक पडलेलं. 'बाई सध्या रफू करत नाही' असं मास्तरांनी सांगूनही गिऱ्हाईक ठेवून गेलं होतं. बाईनं तो कोट खाली काढला. गोल भिंगाचा दिवा ओढला. मान खाली घातली आणि मागच्या वेळी मान खाली घालून वर केली तेव्हा काय झालं होतं ते तिला आठवलं. क्षणभर ती तशीच थांबली. रेघ डुलली नाही. मग तिनं आतल्या शिवणीतून एक दोरा उपसला. मधला भाग पुसट दिसत होता तिथं बोटांनी बघितलं. एक आडवा, एक उभा. पाठीला घाम फुटला, पण हात थांबला नाही. झाल्यावर तिनं कोट शर्टांच्या गठ्ठ्यावर टाकला आणि मुकाट्यानं बसून राहिली.

मास्तर आले, टोकांखेरीज दुसरं काही न बघता गठ्ठा चाळला, खडूनं आकडा लिहिला, गठ्ठा तिच्यापुढं ठेवला. तिनं दुपारभर टोकं कापली. संध्याकाळी मास्तर झाकण घेऊन मशीनमागं गेले.

त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. वाकून टेबलाची कड बघितली आणि जमिनीवर हात फिरवून काही सांडलंय का ते पाहिलं. मग वळले. त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. गेले तीन महिने आरशात दिसणारी आपली भीती बाईनं तेव्हा त्यांच्या तोंडावर बघितली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. तुला... मध्येच अंधारल्यासारखं होतंय का गं? चमकतंय वगैरे?"

"किती आहेत?"

"काय किती?"

"सोंग नको. आकडा किती लिहिलाय?"

"अकरा. आणि इथं दहाच आहेत."

"अकरावं कोटाला आहे. मी ठेवलंय ते."

मास्तरांनी कोट उचलला. बाहीच्या कडेला एक करडं टोक होतं, केसभर. त्यांनी कोट दिव्याखाली धरला. बाहीवर बोट फिरवलं, एकदा, दोनदा, पालथी करून, उलटी करून. भोक कुठं होतं ते त्यांना सापडेना. ते टोक नसतं तर इथं रफू आहे हेही कळलं नसतं.

"हे कधी केलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बटणं आणायला गेला होतात तेव्हा. आणि बघा, तुम्ही ते सुटलेल्या दोऱ्यांत मोजलंत. एकतीस वर्षं झाली, अजून तुम्हाला शेपूट कळत नाही."

मास्तर कोट छातीशी धरून स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले. बाईनं त्यांना रडू दिलं. मग उठून त्यांच्या हातातून कोट घेतला, कारण त्यांचा अंगठा त्या टोकावर होता, आणि तो खुंटीवर अडकवला. सकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं.